शेजारच्या गोठ्यातला रिकामा पाळणा

टिळकवाडीकर | १४ डिसेंबर, रात्री ९.४०

मंडळी, आज दुपारी आमच्याकडं एक लहानसं कांड झालं. त्यातून पडलेला प्रश्न इथं विचारतोय.

नाव टिळकवाडीकर असलं तरी सध्या आम्ही कॅम्पाच्या कडेला एका जुन्या बैठ्या चाळीत भाड्यानं राहतो. भिंतीला भिंत लागून एक ख्रिश्चन कुटुंब आहे. मूळचे गोव्याकडचे, पण तीन पिढ्या बेळगावात गेल्या. घरात कोकणी, आमच्याशी मराठी, भाजीवालीशी कन्नड. दर डिसेंबरला ते व्हरांड्यात गोठा मांडतात. गवताचं छप्पर, मातीची गाय, गाढव, मेंढरं, एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला योसेफ. वर टांगलेला तारा म्हणजे आमचाच दिवाळीचा आकाशकंदील, दरवर्षी त्यांच्याकडं मुक्कामाला जातो. मधोमध पेंढा घातलेली चिमुकली पाळणी, आणि ती रिकामी.

माझी आई मार्गशीर्षाचे गुरुवार कडक करणारी. व्हरांड्यातून जाताना तिनं ते बघितलं आणि सहज म्हणाली, "बाई, रिकामा पाळणा असा ठेवू नये." आमची लेक साडेपाच वर्षांची. तिनं ते ऐकलं, घरात गेली, स्वतःची कापडी बाहुली आणून त्या पेंढ्यात झोपवली आणि वर माझा हातरुमाल पांघरला.

मी माफी मागायला गेलो तर आंटी हसत होत्या. बाहुली उचलून त्यांनी मेंढरांच्या शेजारी ठेवली, रुमालासकट. म्हणाल्या, "बाळ अजून यायचंय रे. चोवीस तारखेला रात्री येणार. आत्ताच घातलं तर मग एवढे दिवस वाट कुणाची बघायची?"

माझा प्रश्न एवढाच. ते बाळ दोन हजार वर्षांपूर्वी जन्मलेलं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मग वाट कुणाची बघतात?


खानापूरची | १४ डिसेंबर, रात्री १०.२५

मी त्याच वाटेवरची, म्हणून सांगते. फादरांइतकं नीट जमणार नाही.

या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यात येतात, दर रविवारी एक मेणबत्ती लावतात. चौथा रविवार आणि नाताळ यांच्यात किती दिवस पडतात त्यावर त्याची लांबी ठरते, कमीत कमी २२ दिवस, जास्तीत जास्त २८. यंदा ३० नोव्हेंबरला लागला, म्हणजे २५. देवळाचं, म्हणजे चर्चचं, वर्ष इथूनच सुरू होतं, १ जानेवारीला नाही. फादरांचा झगा जांभळा, वेदीवर फुलं बेताची, आणि 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत रविवारच्या मिस्सेतून, म्हणजे देवळातल्या उपासनेतून, काढून ठेवलेलं असतं. का, तर ते पहिल्यांदा देवदूतांनी जन्माच्या रात्री मेंढपाळांपुढं म्हटलं. त्या रात्रीपर्यंत आम्ही ते जपून ठेवतो.

आजचा तिसरा रविवार मात्र गुलाबी. निम्मी वाट सरली म्हणून थोडा आनंद करायची परवानगी.

आता तुमचा प्रश्न. बाराव्या शतकात क्लेर्व्होचे संत बर्नार्ड होऊन गेले. त्यांनी तीन येणी सांगितली आहेत. एक बेथलेहेमात देह घेऊन, ते झालं. एक जगाच्या शेवटी वैभवानं, ते व्हायचंय. आणि या दोन्हींच्या मधलं तिसरं, जे कुणाला दिसत नाही, ते माणसाच्या आत. पहिल्या दोन आठवड्यांत देवळात जी वाचनं होतात त्यांत बाळाचं नाव फारसं नसतं. जागे राहा, मालक कुठल्या प्रहरी येईल सांगता येत नाही, रस्ता सरळ करा, असलंच सगळं. बाळाची गोष्ट १७ डिसेंबरनंतर जवळ येते. लहानपणी मला याचा राग यायचा. नाताळ आला म्हणून खुशीत देवळात जावं तर फादर जगबुडीबद्दल बोलतायत!


शंकासूर | १४ डिसेंबर, रात्री ११.०२

सगळं छान आहे, पण २५ डिसेंबर ही तारीखच मुळात खरी नाही. रोमन लोकांचा सूर्याचा सण होता, त्यावर नाव चिकटवलं. मग वाट तरी कुठल्या तारखेची?


खानापूरची | १४ डिसेंबर, रात्री ११.२०

शंकासूर, बायबलात तारीख दिलेली नाही, हे आमच्या देवळातसुद्धा कुणी लपवत नाही. २५ डिसेंबरची रोममधली सगळ्यांत जुनी नोंद इसवी सन ३३६ ची. काही अभ्यासक म्हणतात सूर्याच्या सणावरून आली, काही म्हणतात २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला जन्म साजरा करतं. रामाचा जन्म बरोबर दुपारी बाराला झाला का, हे विचारून कुणी सुंठवडा नाकारत नाही ना?


शंकासूर | १४ डिसेंबर, रात्री ११.२४

सुंठवडा मी कधीच नाकारत नाही. नाताळच्या फराळातले कुलकुलपण नाही.


शिवारातला | १५ डिसेंबर, सकाळी ६.५०

एक चूक दुरुस्त करतो. तो पाळणा न्हवं. गव्हाण हाय ती. जनावरापुढं वैरण टाकायची जागा. आमच्याकडं गव्हाण रिकामी म्हंजे एकतर जनावर उपाशी, न्हाईतर इकलेलं. आमची दोन वर्सं झाली रिकामी हाय, बैल गेले, भाड्याचा ट्रॅक्टर येतोय. सकाळी उठलं की पाय अजून तिकडंच जातंय बघा. आईस्नी सांगा, पाळण्याचा नियम गव्हाणीला लागत न्हाई. पण रिकामी गव्हाण बघून पोरीला कसंतरी वाटलं, ते बरोबरच हाय.


टिळकवाडीकर | १५ डिसेंबर, सकाळी ८.१५

बरोबर पकडलंत. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग लेकरू गव्हाणीत कशाला ठेवायचं? घरात जागा नव्हती?"


खानापूरची | १५ डिसेंबर, दुपारी १.३०

आईंनी अख्खी गोष्ट एका वाक्यात विचारली की! जागा नव्हती, हेच लूकच्या शुभवर्तमानात लिहिलंय. गाव माणसांनी भरलेलं, उतरायला ठिकाण नाही, म्हणून बाळ गव्हाणीत.

शिवारातल्या दादांनी गव्हाण म्हटलं ते फार बरं झालं. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचं घर. भाकरीच्या घरात जन्मलेला, वैरणीच्या जागी ठेवलेला. पुढं हाच भाकर मोडून म्हणतो की हा माझा देह आहे. आमची प्रत्येक मिस्सा त्या भाकरीभोवतीच असते. म्हणून ती जागा नुसती गरिबीची खूण नाही.

आणखी एक. गोठा मांडायची रीत असिसीच्या संत फ्रान्सिसमुळं पसरली. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी त्यांनी नाताळच्या रात्री खराखुरा बैल, खरं गाढव आणि गवतानं भरलेली गव्हाण आणवली. त्या गव्हाणीत बाळाची मूर्ती नव्हती. गवतच. तिथंच मिस्सा झाली. जमलेल्यांपैकी एका माणसाला त्या गवतात बाळ निजलेलं दिसलं आणि फ्रान्सिस त्याला उठवतायत असं वाटलं, अशी कथा त्यांच्या पहिल्या चरित्रकारानं लिहून ठेवली आहे. बाकीच्यांना गवत दिसलं. म्हणजे या प्रथेची सुरुवातच रिकाम्या गव्हाणीनं झाली आहे. तुमच्या लेकीला ती भरावीशी वाटली, तर ती फ्रान्सिसच्या ओळीतली.


तुळशीमाळ | १५ डिसेंबर, रात्री ८.०५

मी माळकरी. वाचताना एक गोष्ट मनात आली, रागावू नका.

आमच्याकडं वाट देव बघतो. पुंडलिकानं वीट फेकली, आईबापाची सेवा होईस्तवर थांब म्हणाला, आणि तो थांबला. अठ्ठावीस युगं झाली, कमरेवर हात ठेवून उभाच आहे. आषाढीला आम्ही जातो ते त्याला जास्त ताटकळत ठेवू नये म्हणून. तुमच्याकडं माणूस वाट बघतो आणि देव येतो. हे बरोबर उलटं नाही का?


खानापूरची | १५ डिसेंबर, रात्री ९.१०

काल मीही असंच म्हटलं असतं. पण बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात एक चित्र आहे. ख्रिस्त दाराबाहेर उभा राहून दार ठोठावतोय, आतल्यानं आवाज ऐकून उघडलं तर आत येऊन जेवणार आहे. कडी आतून आहे. म्हणजे तोही उभाच आहे, विटेवर नाही तर उंबऱ्यावर. म्हणून आगमनकाळात कुमसार करायला सांगतात, म्हणजे फादरांपुढं पापांची कबुली. आतली अडगळ काढल्याशिवाय दार सताड उघडत नाही.

तरी तुमचं एक खरं आहे. आमच्यात 'ये' हा शब्द जास्त आहे. १७ ते २३ डिसेंबर संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज एका नव्या नावानं हाक मारतात: हे ज्ञाना, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या चावी, हे उगवत्या सूर्या. आणि प्रत्येक हाकेच्या शेवटी 'ये'. तुमच्या धाव्यांत असतं तसंच ना?


तुळशीमाळ | १५ डिसेंबर, रात्री ९.३२

तसंच. धाव्यात आमचा तुकोबा देवाला बोलही लावतो. तुमच्यात ते चालतं का?


खानापूरची | १५ डिसेंबर, रात्री ९.४०

स्तोत्रसंहिता उघडून बघा. अर्धी भांडणंच आहेत.


घाटाखालचा | १५ डिसेंबर, रात्री १०.१५

वारीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या भागातून जुन्या गोव्याला पायी जाणाऱ्यांची आठवण काढायला हवी. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. गोंयचो सायब म्हणतात त्याला. मी दोनदा चाललोय, चोर्ला घाटातून. मी ख्रिश्चन नाही, मित्राबरोबर गेलो. पहाटे घाटात धुकं एवढं की पुढच्या माणसाच्या पाठीवरची चकाकणारी पट्टीच फक्त दिसते. पायांना फोड आले की मागचा ओळखदेख नसलेला माणूस मलम काढून देतो. आगमनकाळ लागतो नेमका त्याच दिवसांत. चालताना मित्र म्हणाला होता, "देवळात बसून वाट बघणं मला जमत नाही, म्हणून मी चालत बघतो."


निपाणीकर | १६ डिसेंबर, सकाळी १०.०५

वाट बघायचं शिक्षण सीमाभागाला कुणी द्यायचं? १९५६ पासून बघतोय. २००४ पासून सुप्रीम कोर्टात बघतोय. आमचा आगमनकाळ ७० वर्षांचा, अजून एक मेणबत्तीसुद्धा पेटली नाही. आणि इकडं सुवर्णसौधमध्ये, कर्नाटकाच्या बेळगावातल्या विधानभवनात, यंदाचंही अधिवेशन...


संपादक | १६ डिसेंबर, सकाळी १०.२०

निपाणीकर, सीमाप्रश्नाचे अकरा धागे वाहते आहेत. इथं नको.


शहापूरचा मागवाला | १६ डिसेंबर, सकाळी ११.४५

संपादकांचा मान ठेवून एवढंच बोलतो. निपाणीकरांनी चेष्टेत म्हटलं, पण त्यात मुद्दा आहे. वाट बघून बघून माणूस दोन तऱ्हेचा होतो. एक, ज्याची वाट बघतो त्याचं तोंडसुद्धा विसरतो, नुसती सवय उरते. दुसरा रोज झाडून काढतो. आमच्या वडिलांचा माग बंद पडला तरी दर अमावस्येला ते धोटा पुसून ठेवायचे. सूत येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. मला तेव्हा ते वेडेपण वाटायचं. आता खानापूरच्या ताई सांगतायत ते वाचून वेगळं वाटतंय. नक्की काय, ते सांगता येत नाही.


रात्रपाळी | १७ डिसेंबर, पहाटे ४.३०

मी प्रसूती विभागात नर्स आहे. आत्ता जरा शांतता आहे म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे वाट बघणं म्हणजे बसून राहणं असं धरून चाललाय. बाळंतपणाची वाट तशी नसते. नववा महिना लागला की बाई घर आवरत सुटते, डबे घासते, जुनी लुगडी धुऊन मऊ करते. तारीख डॉक्टर सांगतात, पण बाळ त्या तारखेला येतं असं नाही. बाई बसलेली दिसली तरी तिच्या आत काम चालूच असतं. आणि तिला बाळ "येणार आहे" असं वाटत नाही, ते आलेलंच असतं, फक्त दिसायचं असतं. टिळकवाडीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथं दिसतं. जे आहे त्याचीच वाट बघता येते.

आणि रिकाम्या पाळण्याचं. आमच्याकडंही बाळ यायच्या आधी पाळणा बांधत नाहीत, झबली शिवत नाहीत. यात भीती आहे. मी या कामात असल्यामुळं ती भीती कुठून आली ते मला चांगलं कळतं. त्या आंटी भीती न बाळगता रिकामी गव्हाण सगळ्यांसमोर मांडतात, याचं मला कौतुक वाटतं.

बेल वाजली. जाते.


खानापूरची | १७ डिसेंबर, सकाळी ९.००

रात्रपाळी ताई, हे मी फादरांना वाचून दाखवणार आहे. नाव न सांगता.


जुनं बायबल | १७ डिसेंबर, रात्री ८.५०

मी मेथडिस्ट. आमच्याकडं कुमसार नाही, पण चार रविवारच्या चार मेणबत्त्या आम्हीही लावतो, आणि त्या मेणबत्त्या ज्यावर बसवतात त्या हिरव्या कड्याची गोष्ट तर आमच्या बाजूची, प्रॉटेस्टंट. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे लुथरन पाळक गरीब पोरांचं वसतिगृह चालवायचे. पोरं रोज विचारायची, नाताळ आला का? १८३९ साली त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान तांबड्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक पेटवायची. पोरांना दिवस मोजता यायला लागले. कॅथलिकांनी ते खूप नंतर उचललं.

आमच्या आजोबांनी तसं बैलगाडीचं चाक खरंच आणलं होतं. दिवाणखान्यात मावेना, अंगणात ठेवलं, आणि वाऱ्यानं एकही मेणबत्ती टिकेना. शेवटी पणत्या लावल्या, वर कंदिलाच्या काचा.


शंकासूर | १७ डिसेंबर, रात्री ९.१५

मला एक खरोखर विचारायचंय, चेष्टा नाही. एवढं संयमाचं, वाट बघण्याचं तत्त्व आहे, मग नोव्हेंबरपासून दुकानांत लाल टोप्या आणि कापूस कशाला? कॅम्पात तर ३१ तारखेच्या ओल्ड मॅनची चर्चा आत्ताच सुरू आहे.


खानापूरची | १७ डिसेंबर, रात्री १०.००

ओल्ड मॅन आपल्या कॅम्पाची मजा आहे हो. वर्षाचा म्हातारा पेंढा भरून जाळायचा, त्याचा आगमनकाळाशी संबंध नाही, आणि त्यात सगळ्या जातींची पोरं असतात.

बाकी तुमचं म्हणणं मान्य. आगमनकाळ आम्हीच गिळला. पूर्वी या दिवसांत उपास असायचा. पाचव्या शतकात फ्रान्सकडं ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास धरत. केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांत अजून २५ दिवसांचा नोयम्बू आहे, मासमच्छी बंद. आमच्यावर आता तशी सक्ती नाही, आणि सक्ती गेली की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. नाताळचे केक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कापून होतात, मग २५ तारखेला माणूस पोट धरून बसतो. खरं तर नाताळ २५ ला संपत नाही, तिथून सुरू होतो. पण २६ ला सगळे तारे उतरवून मोकळे!

आमच्या घरात एकच नियम उरलाय. कुलकुल आणि नेवऱ्या आधी तळायच्या, पण डबा मिस्सेहून आल्यावर उघडायचा. माझा धाकटा मुलगा हा नियम अजून एकदाही पाळू शकलेला नाही.


टिळकवाडीकर | १८ डिसेंबर, रात्री ९.३०

आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आईनं हळदीकुंकवाला आंटींनाही बोलावलं होतं. कुंकू त्या लावत नाहीत, फूल आणि केळं घेऊन बसल्या. बोलता बोलता आईला कळलं की गोठ्यापुढं जे हिरवंगार शेत दिसतं ते आंटींनी ताटलीत माती घालून नाचणी पेरून उगवलेलं आहे, दहा दिवसांपूर्वी. आई एकदम खुलली. "म्हणजे घटच की! आम्ही नवरात्रात पेरतो तसं." मग दोघी पाणी किती शिंपायचं, झाकून ठेवायचं की उन्हात, यावर अर्धा तास बोलत बसल्या. मला वाटतं तुळशीमाळ आणि खानापूरच्या ताईंनी एवढं लिहून जे झालं नाही ते नाचणीनं केलं. राग मानू नका.


तुळशीमाळ | १८ डिसेंबर, रात्री १०.१०

राग कसला. बाहुलीचं काय झालं ते सांगा.


टिळकवाडीकर | १८ डिसेंबर, रात्री १०.१५

मेंढरांत आहे. रुमाल परत मागितला तर आंटी नाही म्हणाल्या, थंडी वाढलीय म्हणे.


टिळकवाडीकर | २५ डिसेंबर, दुपारी १२.२०

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा.

काल रात्री आंटींनी लेकीला बोलावलं होतं. त्यांच्याकडं घरातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या हातून बाळ गव्हाणीत ठेवतात, आणि त्यांची नातवंडं यंदा दुबईहून आली नाहीत. लेकीनं दुपारी मुद्दाम झोपून घेतलं, नवा फ्रॉक घातला, आणि साडेनवाला आजीच्या मांडीवर ढुम झोपली. उठवलं तर रडायला लागली. मिस्सेहून आल्यावर आंटींनी स्वतःच बाळ ठेवलं, आम्ही दारातून बघितलं. आई जागी होती. एक वाजला होता, बाहेर दव पडत होतं.

सकाळी लेक उठून धावत गेली. बाळ बघितलं, फार काही बोलली नाही. आधी आपली बाहुली शोधली. ती मेंढरांतून उठून गव्हाणीच्या अगदी कडेला येऊन बसली होती, मरियेच्या शेजारी. रुमालाची घडी करून बाळावर घातली होती.

आईनं आंटींना विचारलं, "आता हलवला तर चालंल ना?" आणि बोटानं ती चिमुकली गव्हाण दोनदा झुलवली.


शिवारातला | २५ डिसेंबर, दुपारी १.०५

गव्हाण हलवत न्हाईत. पण असू दे.


रात्रपाळी | २५ डिसेंबर, दुपारी ३.४०

त्या नाचणीचं पुढं काय करतात?


टिळकवाडीकर | २५ डिसेंबर, दुपारी ४.१०

विचारलं. तीन राजे येईपर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत ठेवतात. मग कोंबड्यांना. आई म्हणतेय तिला थोडी पाहिजे, टोपीत खोचायला.